उजेड पाडावा तो वरून

भर दुपारी बारा वाजता धवलगडच्या महाराजांचा पाय कोंबडीवर पडला आणि महाराज तोंडावर आपटले ते थेट पिठाच्या काठवटीत!

चूक कोंबडीची नव्हती. महाराज पाहणीला निघाले होते, तहान लागली म्हणून कोटाबाहेरच्या वस्तीत हौसाच्या खोपटात शिरले. राजवाडा बांधायला आलेल्या वडारांची ती वस्ती. खोपटं एकमेकांना इतकी चिकटलेली, की खिडकी काढली तर ती शेजाऱ्याच्या चुलीवरच उघडायची. आत दिवसासुद्धा डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार.

पांढरेफटक महाराज बाहेर आले. शिपायांनी हसू गिळलं, पण हौसाला काही ते जमलं नाही. ती फिस्सकन हसली आणि तिथंच माशी शिंकली.

"हसतेस?" महाराज कडाडले. "आठ दिवसांत इथल्या प्रत्येक खोपटात उजेड दिसला पाहिजे. दिवा लावायचा नाही, गवताची छपरं पेटतील. भिंतीला भोक पाडायचं नाही, सगळी वस्ती कोसळेल. जमलं नाही तर वस्ती उठवीन. बघू या, काय उजेड पाडतेस ते!"

हौसाला घास गोड लागेना. आपल्या एका हसण्यापायी साठ घरं उठणार, म्हातारीकोतारी कुठं जाणार? सासू तर येता-जाता म्हणे, "दात जरा झाकले असतेस तर काय झिजले असते गं?"

हौसा राजवाड्याचं न्हाणीघर घासायची. महाराज रोज एक बाटली गुलाबपाणी अंगावर ओतून घेत, रिकामी बाटली हौसा उकिरड्यावर टाकी. असा वर्षानुवर्षांचा ढीग साचला होता. तिसऱ्या दिवशी तिनं एक बाटली विसळायला म्हणून पाण्यानं भरली आणि झरोक्यात ठेवली, तर अंधाऱ्या न्हाणीघरात लख्ख उजेड! हौसा बघतच राहिली. मग पदर खोचून तडक उकिरड्यावर गेली.

आठव्या दिवशी दुपारी महाराज दिवाणजींना घेऊन आले, या खेपेला पाय जपून टाकत. आत शिरले आणि थबकले. काठवट दिसत होती. कोपऱ्यातली कोंबडीही दिसत होती, आणि ती महाराजांकडेच रागानं बघत होती.

"दिवा कुठंय?"

"दिवा नाही, महाराज. वर बघा."

छपरात पाण्यानं भरलेली बाटली खोचली होती. निम्मी बाहेर उन्हात, निम्मी आत, भोवती राळ लावून पक्की बुजवलेली.

"ही तर माझ्या गुलाबपाण्याची बाटली! आणि भोक पाडू नको म्हणालो होतो ना?"

"भिंतीला म्हणालात, सरकार. छपराचं नाव कुठं काढलंत?"

"बरं, आणि रात्री काय करशील?"

"रात्री आम्ही डोळे मिटून झोपतो. त्याला उजेड कशाला?"

आता दिवाणजींना राहवेना. "पण पोरी, हे छपराचं तुला सुचलं कसं?"

"महाराजांनीच सांगितलं की. काय उजेड पाडतेस, म्हणाले. आता पाडायचा म्हटला की वरूनच पाडावा लागतो. खालून वर आजवर कुणी पडलंय का?"

महाराज आपलं काठवटीतलं पडणं आठवून असे खदाखदा हसले, की कोंबडी उडून उतरंडीवर बसली. "माग, काय हवं ते माग!"

"ही जागा वस्तीच्या नावे करा, सरकार."

"केली. दिवाणजी, लिहा. आणखी?"

हौसा पुन्हा फिस्सकन हसली. "खोपटागणिक एकेक बाटली झाली, पण चुलीपाशी अजून अंधारच आहे. तेवढं रोज दोनदा न्हात चला!"

महाराजांनी पोट धरलं. जागेचं पत्र त्याच दिवशी वस्तीच्या हाती पडलं, आणि त्या वर्षी राजवाड्यात गुलाबपाणी दुप्पट लागलं.