दोघींच्या अंड्यांच्या पेट्या

चुली जाऊन घरोघरी गॅस नुकता येऊ लागला होता, त्या काळची ही गोष्ट. अनसूयाकाकूंच्या खानावळीत भांड्यांच्या कपाटामागे वेगवेगळ्या जातींची दोन झुरळं राहत. मोरीतून आलेली मोठी, तांबडी ती तांबू. ओट्याखाली जन्मलेली लहान, पिवळट ती पिटुकली.

एकदा तांबूने अंड्यांची पेटी, म्हणजे सगळी अंडी असलेली इवलीशी टणक पिशवी, कपाटाच्या पाठीला चिकटवली आणि ती खाणं शोधायला निघाली. पिटुकली मात्र आपली पेटी अंगाशी धरूनच हिंडत होती. ती म्हणाली, "पोरांना एकटं टाकून चाललीस? तुझा जीव कसा धजतो गं?"

"आमच्यात असंच करतात," तांबू म्हणाली. "पण हे ओझं घेऊन तू पळणार कशी? तू सापडलीस तर पोरंही जातील."

त्या दिवशी आपलंच चुकत असावं, असं दोघींना वाटू लागलं.

दुसऱ्या दिवशी पिटुकलीने पेटी एका फटीत ठेवली. तांबू आपल्या पेटीजवळ राखण करत बसली. काकूंनी कपाट सरकवलं, तेव्हा त्यांना तांबू दिसली आणि तिच्यामुळे पेटीही. केरसुणीच्या फटक्यातून तांबू कशीबशी वाचली, पेटी गेली. इकडे पिटुकलीच्या जातीच्या अंड्यांना लागणारी आईच्या अंगाची ओल न मिळाल्याने तिची पेटी सुकून गेली.

"मी तर तुझ्यासारखंच केलं होतं," पिटुकली म्हणाली.

"आणि मी तुझ्यासारखं," तांबू म्हणाली.

मग चुकलं कुठे, हे काही त्यांना कळेना. पुढच्या खेपेला तांबू पेटी चिकटवून निघाली, पण चार पावलांवर थांबली; पुढे जावं की परत फिरून राखण करत बसावं, हे तिला ठरवता येईना.