गावाला गेलेली आई

फार पूर्वी, राजे पायी फिरून आपलं राज्य पाहायचे त्या काळी, डोंगराच्या पायथ्याशी एक लहान गाव होतं. त्या गावात एका माणसाने रागाच्या भरात आपल्या बायकोला कुऱ्हाडीने मारलं.

राजाचे शिपाई आले आणि त्याला बांधून घेऊन गेले. तो पुन्हा दिसला नाही. न्याय झाला, असं गावाने मानलं.

मागे राहिली त्यांची मुलगी, पाच वर्षांची तानी. तिला त्याच गावातल्या मावशीने आपल्या घरी आणलं.

"पोर विचारील, तर काय सांगू?" मावशीने आयाबायांना विचारलं.

"सांग, आई गावाला गेलीय," एक म्हणाली. सगळ्यांनी माना डोलावल्या. लहान मुलांना असंच सांगायची त्यांची रीत होती.

तानीने विचारलं, तेव्हा मावशीने तसं सांगितलं. तानीने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग मान हलवली आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

"विसरली बघ," शेजारीण म्हणाली. "लहान आहे तेच बरं."

तानी मोठी होऊ लागली. सांगण्याआधी पाणी भरायची, अंगण झाडायची. तिच्या हातून कधी भांडं वाजत नसे. लोक म्हणायचे, "पोर असावी तर अशी."

पण कुणाच्या घरात आवाज चढला, की ती हातातलं काम टाकून दाराशी जाऊन उभी राहायची. एकदा शेजारीण माहेरी निघाली. "चार दिवस गावाला जाऊन येते हं," ती म्हणाली. तानीने तिचा पदर घट्ट धरला. शेजारणीच्या नवऱ्याला ती भाऊ म्हणे.

"भाऊ रागावलेत का?"

"रागावू देत की!" शेजारीण हसली. "स्वतः भाकरी थापायला लागल्या की उतरेल राग."

तानी हसली नाही. शेजारीण परत आली, तेव्हा तानीने तिच्या डोक्यावरचा पदर सारला आणि तिची मान नीट निरखून पाहिली. "काय गं हे वेड!" म्हणून शेजारीण पुन्हा हसली.

मावशीचा नवरा सुतार होता. माणूस मायाळू, पण ऐकायला कमी येई. त्यामुळे साधं पाणी मागायचं तरी सारी आळी ऐके. तो बोलू लागला, की तानी भिंतीला टेकायची.

पुढे मावशीच्या नणंदेकडे बारसं निघालं. मावशीने ठेवणीतलं लुगडं काढलं. "उद्या मी गावाला जाणार," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुताराने घर डोक्यावर घेतलं. "माझी कुऱ्हाड कुठाय? वाकस कुठाय? पटाशीसुद्धा नाही!"

तानी मावशीच्या पुढे हात पसरून उभी राहिली. "मी विहिरीत टाकलं सगळं."

"विहिरीत? अगं, मग लाकूड काय दातांनी तासू?"

तानी जागची हलली नाही. "काका, मावशीला गावाला पाठवू नका. आजपासून भाकरी मी करीन. कालवणात मीठ कमी पडू देणार नाही."

"मी कुठं पाठवतोय? तीच निघालीय बारशाला!"

"बाबांनी आईला पाठवलं, तसं नका पाठवू. मी कणगीमागं होते. मी बघितलंय."

मावशी तिच्याजवळ येऊन बसली. "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस, बाळ?"

"तुम्ही सगळे म्हणायचात, गावाला गेली. मला वाटलं, त्याला तेच म्हणतात."

 मग मावशीने तिला मांडीवर ओढलं. "त्याला खून म्हणतात, तानी. तुझ्या बापाने तुझ्या आईला मारलं. ती आता येणार नाही. त्यात मिठाचा दोष नव्हता, तुझ्या आईचा नव्हता, आणि तुझाही नव्हता."

तानी तेव्हा पहिल्यांदा रडली. मावशी बारशाला गेली नाही.

हे गावभर झालं. मग आयाबायांना दुसरंही आठवलं. त्या दिवशी तिच्या आईच्या हाका त्यांनी ऐकल्या होत्या, आणि घरातलं भांडण म्हणून आपापली दारं लोटून घेतली होती.

तानीची भीती काही एका दिवसात गेली नाही. तिला स्वतःची मुलं झाली, तरी आवाज चढला की ती दाराशी जाऊन उभी राही. फरक एवढाच, की आता कुणीतरी जवळ येऊन "काय आठवलं?" असं विचारी, आणि ती सांगे. त्या गावात नंतर कुठल्या घरातून किंचाळी आली, तर शेजारी आधी ते दार ठोठावत.

म्हणून लहानांनो, आणि मोठ्यांनो, तुम्हीही ध्यानात ठेवा: लेकराने पाहिलेल्या दुःखावर गोड खोट्याचं पांघरूण घालू नये, जवळ बसून त्याने काय पाहिलं ते विचारावं.