म्हाळसेचं आधारवचन

चंद्रगिरीच्या राजा रणधवलानं राणीचा हार चोरल्याच्या संशयावरून तुळाजी कारकुनाला फासावर दिलं, आणि मागाहून तो हार राणीच्याच पेटीत सापडला. "या राज्यात न्याय मेलाय," असं तुळाजीची बायको म्हाळसा भर बाजारात म्हणाली. शिपायांनी तिला दरबारात उभं केलं.

राजा म्हणाला, "नवऱ्यानं लिहायला शिकवलंय ना तुला? मग हे विधान लिहून सिद्ध कर. खाली पुरावा दे आणि आधाराला वचन जोड. माझ्याहून लहान माणसाचं वचन चालणार नाही. जमलं नाही, तर तूही नवऱ्याच्या वाटेनं जाशील."

म्हाळसेला मरणाची भीती उरलीच नव्हती. तिनं लिहून दिलेला कागद प्रधानानं वाचला :

"विधान : या राज्यात न्याय मेला आहे. पुरावा : माझा निरपराध नवरा. आधारवचन : 'आधी फाशी द्या, चौकशी मागाहून करू.' – महाराज रणधवल."

तुळाजीला शिक्षा देताना राजानं उच्चारलेलं ते वचन दरबारात सगळ्यांनीच ऐकलेलं होतं, आणि ते लहान माणसाचं म्हणावं तर राजाच लहान ठरत होता.

अखेर राजा म्हणाला, "तुझं उत्तर बिनतोड आहे. काय हवं ते माग."

"कुणीतरी ते खोडून दाखवायला हवं होतं, महाराज," म्हाळसा म्हणाली, आणि रिकाम्या घराकडे चालू लागली.