बुंदीची जाळी

मिरजेतल्या एका सोसायटीचे अध्यक्ष खरमाटेअण्णा नोटिशी काढण्यात पटाईत होते. श्रावणात त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'अंगणात मोठा आवाज करणाऱ्याला जाळी बांधावी.' रोख हेमलताबाईंच्या बुंदी कुत्रीवर होता, पण तसं नाव घालायची अण्णांची छाती झाली नाही. बाईंनी मुकाट्याने तोंडाला बांधायची जाळी विकत आणली.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी अण्णांनीच अंगणात सुतळी बॉम्बची पेटी उघडली. बाई लगबगीने पुढे आल्या. गेल्या दिवाळीत पहिल्याच बाराला बुंदी पळाली होती आणि तिसऱ्या दिवशी लंगडत सापडली होती.

"अण्णा, बुंदी फार घाबरते हो."

"मग तिच्या कानात बोळे घाला! वर्षाचा सण आहे."

बाई घरातून बुंदीची जाळी घेऊन आल्या आणि सगळ्यांदेखत अण्णांच्या हातात ठेवली.

"लावा खुशाल. फक्त आधी बॉम्बला ही बांधा. नोटीस तुमचीच आहे, खाली सहीही तुमचीच."

सगळं अंगण खो खो हसलं. अण्णा फळ्याकडे बघत राहिले आणि मग त्यांनाही हसू आवरेना. पेटी बंद झाली, फुलबाज्या आणि भुईचक्रं निघाली.

पाडव्याला बाई चकल्यांचं ताट घेऊन अण्णांकडे गेल्या.

"उपकार झाले, अण्णा. यंदा बुंदी माझ्या पायाशी निवांत झोपली."

"उपकार कसले? माझी नोटीस मी पहिल्यांदाच पाळली, बाई. तीही तुमच्यामुळे!"