ओहोटीच्या जोडवशाची कहाणी

ऐक खाडीमाये, तुझी कहाणी. आटपाट बंदर होतं. बंदराला खाडी होती, खाडीला तिवरं होती, तिवरांच्या पायाशी चिखल होता नि चिखलात शिवल्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, होत्या. तिथं गोमा नावाची कोळीण राहत होती. नवरा होडी घेऊन खोल दर्याला जाई, पंधरा-पंधरा दिवस तोंड दिसत नसे. घरात गोमा आणि तिची नऊ वर्षांची लेक, पोवळी.

गोमाच्या सासूनं जाता जाता तिला जवळ बसवलं. म्हणाली, "सूनबाय, तुला द्यायला सोनं नाय, नाणं नाय. एक जोडवसा आहे, तो घे."

"तो कसा घ्यावा, सासूबाय?"

"नारळी पुनव झाली की ओहोटीला जावं. एकटीनं जाऊ नये, शिकणारी सोबत न्यावी. एकीनं चिखलात शिवल्या बघाव्या, दुसरीनं पाणी राखावं, भरती फिरली की हाक मारावी. पहिली ओंजळ खाडीला परत द्यावी. एका हाताला कळलं ते दुसऱ्या हाताला द्यावं. उतू नये, मातू नये, आणि भिऊन वसा टाकू नये."

"टाकणार नाय," गोमा म्हणाली. सासू सुखानं गेली.

मग पुनव झाली. गोमानं पोवळीला सोबत नेलं. पहिल्याच दिवशी पोरीचा पाय गुडघाभर रुतला. गोमानं तिला ओढून काढलं, घरी आणलं, न्हाऊ घातलं, मीठ-मिरची ओवाळून टाकली. पोर हसत होती, पण आईच्या छातीतली धडधड काही थांबेना. जेवायला बसली तरी तोच चिखल दिसे, डोळे मिटले तरी तोच चिखल दिसे. मग ती म्हणाली, "पोवळे, आजपासून खाडीची वाट धरायची नाय."

"मग मी करू काय, आये?"

"घरात बस. जाळ्याला गाठी मार."

शेजारच्या जोमाबायला दोन पोरी होत्या. त्या आल्या, म्हणाल्या, "गोमाकाकी, आम्हाला ने." गोमा म्हणाली, "आज उधाण आहे, पाणी फार." मग आठ दिवसांनी आल्या. गोमा म्हणाली, "आज भांगाची भरती आहे, पाणी हटत नाय." मग तिसऱ्यांदा आल्या. गोमा म्हणाली, "तुम्हाला काही झालं तर मी तुमच्या आयेला काय सांगू?" जोमाबाय दारातून म्हणाली, "काय गो गोमा, खाडी तुझ्या सासऱ्यानं खणली काय?" गोमानं पाटी उचलली.

मग ती एकटीच जाऊ लागली. पाणी राखायला कोणी नाही, म्हणून घाई करी. घाईत पहिली ओंजळ परत द्यायची राही. लहान-मोठं सगळं पाटीत भरी. खाडीमाय रुसली. पहिल्या ओहोटीला पाटी अर्धीच भरली. दुसऱ्या ओहोटीला नुसती शिंपली मिळाली, आत जीव नाही. तिसऱ्या ओहोटीला चिखल नि गोटे. पोवळीच्या ताटात भात नि मीठ.

मग एक दिवस दारात म्हातारी आली. लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं. म्हणाली, "पोरी, तोंडाला चव नाय. घासभर शिवल्यांचं कालवण वाढ."

"बसा आजीबाय, आणते," म्हणून गोमा निघाली. जवळ काही मिळेना, म्हणून पुढं गेली. तिथंही मिळेना, आणखी पुढं गेली. मान खाली ती खालीच. पाणी फिरलं, पण हाक मारायला कोण होतं? पाणी मागून आलं. गोमा दचकून उभी राहिली. उभं राहिलं की चिखल धरतो. मांड्यांपर्यंत रुतली.

हाका ऐकून पोवळी धावली, जोमाबाय धावली, म्हातारीही आली. होड्या सगळ्या दर्यात. जोमाबायचा जन्म मासळीबाजारात गेलेला, तिला चिखल काय ठाऊक! म्हातारी ओरडली, "गोमा, लेकीला वाट सांग!"

"नको गो! ती बुडेल!"

पाणी कमरेला आलं. "गोमा, वाट सांग!"

"नको! माझी एकुलती एक ती!"

पाणी छातीला आलं. मग पोवळीच पाय रोवून म्हणाली, "आये, सांग वाट! नाय तर मी न सांगताच येते!"

गोमानं पाहिलं, पोरीचा एक पाय चिखलात पडलाही होता. मग तिला कळलं, सांगण्यापेक्षा न सांगण्याचंच भय मोठं. ती ओरडली, "थांब पोवळे! चकाकतो तो चिखल खोटा, मळकट तो खरा. काठाला मोडक्या होडीची फळी पडलीय, ती घे. फळीवर पालथी पड. पायानं चिखल लोटत ये, पाणी लागलं की हातानं वल्हव. उभी राहू नको!"

पोवळी पालथी पडली, लोटत लोटत आली. फळी आईच्या पुढ्यात घातली. म्हणाली, "आये, आता तूबी पालथी पड." गोमानं छाती फळीवर टाकली, एक पाय हलवून सोडवला, मग दुसरा सोडवला. दोघी चिखलानं माखून काठाला आल्या. बघतात तर म्हातारी कुठं नाही. गोमानं खाडीकडं वळून हात जोडले. म्हणाली, "माये, चुकले. वसा भिऊन टाकला, तो पुन्हा घेते."

जोमाबाय म्हणाली, "माझ्या दोघींना ने गो. रुतल्या तर मला हाक मार."

"तुला काढता येतं काय?"

"नाय! मलाबी शिकव!"

मग पुढच्या ओहोटीला पाच जणी निघाल्या. तिघी वाकल्या, दोघींनी पाणी राखलं. पाचांनी पाच ओंजळी खाडीला परत दिल्या. खाडीमाय हसली. शिवल्या वाढल्या, घराघरांत कालवण शिजलं. गोमाची धडधड काही गेली नाही, आईच ती! पण ती धडधड आता पाणी राखायच्या कामी आली. पाणी फिरायच्या आधी गोमाची हाक यायची, नि पोरी हसत काठाला यायच्या.

जशी खाडीमाय गोमाला पावली, तशी तुम्हां-आम्हांला पावो. तुमच्या लेकींना चिखलातली वाट कळो, तुमच्या हाकेला ओ मिळो. ही साठां ओहोटींची कहाणी पांचां ओंजळींत सुफळ संपूर्ण.