कोऱ्या कागदाचे पंच

सरपंचाच्या विहिरीवरची मोटार चोरीला गेली आन् फौजदारानं सरळ हिरा पारध्याची मानगूट धरली. का? तर पारधी हाय म्हणून!

पंच म्हणून मला आन् कोंडाबाई मावशीला बोलावलं. कोरा कागद पुढं सारून फौजदार म्हणाला, "खाली सह्या करा. मोटार ह्याच्या झोपडीत सापडली, ते वर मी नंतर लिहितो."

झडती अजून झालीच नव्हती. माझं टाळकं सणकलं, पण खाकी बघून गुमान सही ठोकली.

मावशीनं कागद उलटापालटा करून बघितला. "सायेब, पंचानं काय करायचं आसतं?"

"डोळ्यानं बघायचं आन् सही करायची."

"हितं तर काय दिसंना."

"नंतर दिसंल, म्हातारे. माझ्यावर भरवसा न्हाई का?"

"हाय की! तुमचा हाय का माझ्यावर?"

"हाय, हाय. कर सही."

"मग तुमी बी एका कोऱ्या कागदावर सही द्या. मजकूर मी नातीकडनं भरून घेती."

"काय भरणार?"

"हेच की, मोटार सापडली म्हणून. कुणाच्या घरात, ते नंतर ठरवू."

फौजदारानं पेनाला टोपण लावलं आन् आधी झडती घेतली. दोन तवे आन् एक कोंबडी निघाली. तेवढंच दुसऱ्या कागदावर चढलं, मावशीनं सही केली, हिरा सुटला.

माझ्या सहीचा कोरा कागद मावशीनं चुलीत घातला. मला म्हणाली, "मुडद्या, तू काय बघून सही केलीस रं?"

"खाकी," म्हणलं.