वाडग्याचा रुसवा

फार जुन्या काळी जपानात एका कुंभाराने अंगठ्याने दाबत दाबत चहाचा वाडगा घडवला. भट्टीत त्याच्या एका अंगावर झिलईचा असा निळा ओघळ उतरला, की वाडगा स्वतःवरच खूश.

पहिल्याच चहाला ओसेन नावाच्या पाहुणीने त्याला उचललं. ओघळ पलीकडे फिरवला आणि मागच्या कडेने चहा घेतला.

"माझं तोंड फिरवते काय? आता निसटतो आणि होतो तुकडे!" वाडगा फणफणला.

"गप रे शहाण्या," चुलीवरची किटली खेकसली. "तुझी चांगली बाजू उष्टी होऊ नये, म्हणून फिरवलं तिने. इथली रीतच आहे ती."

वाडगा निसटायचा थांबला. चहा संपल्यावर ओसेनने ओघळ पुन्हा समोर आणला. वाकून डोळे भरून पाहिला. "काय उतरलाय हो!" ती म्हणाली.

आता वाडग्यालाच तिच्याकडे बघवेना.